अण्णांच्या बापाचं नाव

लहानपणी मी कुणावरही विश्वास ठेवत नसे आणि या गोष्टीचा मला अभिमान होता. माय टोपल्यात भाकरी टाकायची तेव्हा मी मोजून ठेवायचे. दुपारी एक कमी भरली की मांजरापासून भगवानकाकांपर्यंत सगळ्यांची मनातल्या मनात झडती घ्यायचे. दुकानदार गूळ तोलायला लागला की माझी नजर काट्यावरून हलायची नाही. शाळेत बाईंनी शाबासकी दिली तरी यांचं आपल्याकडे काय काम निघालं असेल, असं वाटायचं. माय म्हणायची, "ही पोरगी सासरी गेली की पहिल्या दिशी सासूची पेटी उघडून बघंल." मी ती पुढे खरंच उघडून बघितली, पण ते नंतर. आता पन्नाशी उलटली, गुडघे दुखतात, संशय मात्र अजून धडधाकट आहे. फक्त त्याला मी पूर्वीसारखी मोकळी सोडत नाही. बारावीची परीक्षा देऊन घरी बसले होते त्या उन्हाळ्यात त्यानं मला जिथं नेऊन उभं केलं, ते एकदा लिहून ठेवायचं आहे.

आमचं गाव कुरुंद्यापासून चालत तासाभरावर. उन्हाळा लागला की गावात सगळीकडे हळद शिजायची. अंगणाच्या कडेला मोठी कढई चढायची, खाली पाचट पेटायचं, आणि तो मातकट गोड वास कपड्यांत, केसांत, अगदी वरणातसुद्धा उतरायचा. शिजलेली हळद पंधरा-वीस दिवस उन्हात पडायची, मग ढोल फिरवायची वेळ यायची. पत्र्याच्या त्या ढोलाला दोन्हीकडून दांडे असत. एका दांड्याला अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि दुसऱ्याला भगवानकाका. आत हळकुंडं आपटायची, त्यांचं साल निघायचं, आणि त्या खडखडाटात घरातलं कुणीच कुणाशी धड बोलू शकायचं नाही. आमच्या घरात तसंही अण्णा कमीच बोलत. जेवायलाही ते शेवटी बसायचे. आबा, म्हणजे माझे आजोबा, आधी, मग काका, मग आम्ही पोरं, आणि सगळ्यांचं झालं की कोपऱ्यात अण्णा. थोरला मुलगा असून बरड, खडकाळ रान ते कसायचे, आणि ओढ्याकाठचं काळं रान काका. याचं कुणाला काहीच वाटत नव्हतं, त्यामुळे बरीच वर्षं मलाही वाटलं नाही.

आबांचं आणखी एक होतं. पाहुणे आले की ते काकांच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "ह्यो माझा भगवान." अण्णांकडे मात्र नुसती मान हलवायचे आणि म्हणायचे, "ह्यो दगडू. आमच्यात असतो." गडीमाणसाबद्दल बोलावं तसं. अण्णाही ऐकून शांतपणे पाहुण्यांना पाणी नेऊन द्यायचे. आजी मी दोन वर्षांची असताना गेली होती, त्यामुळे विचारायची सोय नव्हती.

त्या वर्षी आबांनी ठरवलं की डोळ्यांदेखत रानाची वाटणी करून टाकायची. तलाठी म्हणाले, दोघा भावांचे शाळेचे उतारे आणा, म्हणजे नावं बरोबर लागतील. भगवानकाका तिथल्या तिथं म्हणाले, "दादाचा मी आणतो, कुरुंद्याला माझं काम हाय." माझे कान टवकारले. काकांना दुसऱ्याच्या कामाची एवढी घाई मी कधी पाहिली नव्हती. काळं रान, वाटणी, आणि अण्णांचा कागद काकांच्या हातात, ही जुळणी मला अजिबात आवडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काका उठायच्या आत मी भाकर आणि ठेचा बांधून घेतला आणि कुरुंद्याची वाट धरली.

शाळेतल्या कारकुनानं कपाटातून एक जाड वही काढली. तिच्या पाठीला कापड चिकटवलेलं होतं आणि पानं तपकिरी पडली होती. त्यानं बोट फिरवत विचारलं, "दगडू कुणाचा?" मी म्हटलं, नामदेवाचा. तो बराच वेळ शोधत राहिला. मग म्हणाला, "तुमच्या गावचा दगडू एकच हाय, पण बाप दुसरा हाय." मी वाकून पाहिलं. दगडू लिंबाजी. आडनाव आमचं नाही. जातीच्या रकान्यात कासार. गाव आमचंच. पत्त्याच्या जागी आमचंच घर, आबांच्या नावानं, "यांचे घरी राहतो" असं लिहिलेलं. कारकुनानं माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे. त्यानं उतारा लिहून दिला, शिक्का मारला. तो मी चार घड्या घालून दप्तरात खाली ठेवला.

परतीच्या वाटेवर मला कसलंच दुःख झालं नाही, हे आज सांगायला लाज वाटते. मला झाला तो आनंद होता. सतरा वर्षं मी ज्या वासाच्या मागावर होते तो वास खरा निघाला होता. सगळं कसं झटकन बसलं. म्हणून अण्णा शेवटी जेवतात. म्हणून बरड रान. म्हणून "आमच्यात असतो". आणि दर दिवाळीला पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा एक लुगडं आणि फराळाचा डबा घेऊन जवळा बाजारला जातात, बियाण्याची चौकशी करायला म्हणून, आणि येताना मायसाठी काचेच्या बांगड्या घेऊन येतात, ते कशासाठी, हेही बसलं. बियाण्याच्या दुकानात लुगडं कशाला लागतं, हे इतकी वर्षं मला कसं सुचलं नाही, याचंच नवल वाटलं. मग गाव जवळ आलं आणि आजी आठवली. अण्णा लिंबाजी कासाराचे असतील तर आजीनं काय केलं होतं? आणि हा कागद काकांच्या हाती लागला तर अण्णांना ते बरड रानसुद्धा मिळणार नव्हतं. मी घरी जाऊन उतारा वाकळीच्या दोन थरांत सारला आणि वरून टाके घातले.

संध्याकाळी काकांनी विचारलं, "मंगल, कुरुंद्याला गेली व्हतीस म्हणं. उतारा भेटला का?" मी म्हटलं, वही वाळवीनं खाल्ली. काकांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "सगळी खाल्ली?" "सगळी." "बरं झालं," ते म्हणाले आणि बिडी पेटवली. बरं झालं! मी रात्रभर त्या दोन शब्दांचा कीस पाडत बसले. वही गेली तर काकांचं बरं कसं होतं, हे काही केल्या उलगडेना, म्हणून ते नक्कीच काहीतरी भयंकर असणार, असं मी ठरवलं.

पुढचे चार दिवस मी तपास केला. गावच्या जन्म-मृत्यूची जुनी वही पोलीस पाटलांच्या घरी माळ्यावर होती. त्यांची सून माझी मैत्रीण. तिला मी शाळेचं काम आहे म्हणून सांगितलं. वहीत आबांचं नाव आधी तीनदा सापडलं, आणि तिन्ही वेळा मृत्यूच्या बाजूला. नामदेव यांचा मुलगा, वय बारा दिवस. नामदेव यांचा मुलगा, वय नऊ दिवस. नामदेव यांचा मुलगा, वय एक महिना. नावं नव्हती, ठेवलीच नव्हती. पुढे जन्माच्या बाजूला भगवानकाका होते, नाव, तारीख, सगळं व्यवस्थित. दगडूचा जन्म कुठेच नव्हता. मी ते पान दोनदा तपासलं, मागचं-पुढचंही पाहिलं. आजकाल भाचा मोबाईलवर बोट फिरवतो आणि सातबारा काढून दाखवतो, तेव्हा मला ती वही आठवते. त्या तीन ओळींशी मी थांबायला हवं होतं. एका बाईची तीन लेकरं गेली होती, आणि मला त्यात फक्त पुरावा दिसला. आबांच्या घरात लेकरू जगत नव्हतं, मग हे जगलेलं आलं कुठून, एवढाच माझा प्रश्न होता.

जवळा बाजारला जायला दोन बस बदलाव्या लागत. बाजाराच्या दिवशी, मैत्रिणीच्या लग्नाला बांगड्या भरायच्या आहेत, असं सांगून मी निघाले. आमच्या गावात बांगड्या विकायला येणारा लिंबाजी कासार जवळा बाजारचा होता आणि तो वारला, हे मायकडून कळलं होतं, पण त्याची बायको तुळसाबाई अजून बाजारात बसते, असं तिनं सहज बोलता बोलता सांगितलं होतं. कापसाच्या गाड्या ओलांडून मी बांगड्यांच्या ओळीत गेले. शेवटच्या पालात एक वाळकी, पांढऱ्या केसांची म्हातारी बसली होती. मी समोर बसले आणि हात पुढे केला. तिनं तो धरला आणि पंजा दाबून दाबून मऊ करायला लागली.

"कुण्या गावची गं?" तिनं विचारलं. मी खोटंच एक गाव सांगितलं. तिनं माझी करंगळी धरून उजेडात वळवली. "खोटं काहून बोलून राहिलीस? ही वाकडी करंगळी नामदेवाची. त्याच्याकून दगडूला आली, अन् दगडूकून तुला. पन्नास वरीस हात बघून राहिले मी."

मी हात ओढायला गेले, तर तिनं सोडला नाही. बांगडी अर्धी चढली होती. मी तशीच म्हणाले, "शाळेच्या वहीत अण्णांच्या बापाचं नाव लिंबाजी आहे."

"मग? त्यो आमचाच हाय."

"तुमच्या पोटचा?"

बांगडी हातातच वाढली. तुळसाबाईनं काचा बाजूला केल्या, माझ्या मनगटावर फुंकर घातली आणि दुसरी घेतली. "हात कडक करू नगंस," ती म्हणाली. "तुझ्या आजीची तीन पोरं गेली. चौथं झालं त्याच दिशी नामदेवानं लेकरू कापडात गुंडाळलं अन् घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठिवलं. आदी ठरल्यालं व्हतं. मी बांगड्याची पाटी घिऊन तिथून चालले. मोठ्यानं इचारलं, हे कुणाचं लेकरू? नामदेव म्हनला, कुणाचं न्हाई, पडलंय. मग मी सूपभर कोंडा दिला अन् लेकरू इकत घेतलं. दगडू नाव ठिवलं, म्हणजे दगडाकडं कोण बघतंय. अन् तुझ्या आजीच्या वटीत घातलं. म्हनलं, बाई, आमचं लेकरू हाय, तेवढं दूध पाजून सांभाळ. तिनं सांभाळलं. मरणाला बी कळलं न्हाई, ह्या घरात नामदेवाचं लेकरू हाय म्हणून."

"आणि शाळेत?"

"शाळंत दोघं बी घिऊन गेले व्हते, नामदेव अन् माझा मालक. मास्तरनं इचारलं, बाप कोण? मालक गप बसले. त्यान्ला वाटलं, सरकारी काम हाय, आता तरी नामदेव खरं सांगंल. तर नामदेवच म्हनला, लिहा, लिंबाजी. वाटनं येताना मालकानं इचारलं, आसं काहून केलं? तर म्हनला, सटवाई घरोघरी हिंडती, तिला वाचता येत आसंल तर? येवढी मोठी वही, तिच्यात माझं नाव दगडूच्या म्होरं दिसलं, तर नेलंच म्हणून समज." तुळसाबाईनं पुढची बांगडी चढवली. हाताला बांगड्या सहा झाल्या होत्या. "लग्नाच्या हळदीला लेकरू परत घ्यायचं आसतंय. सूपभर जवारी द्यायची अन् न्यायचं. मी सूप घिऊन वाट बघत बसले. नामदेव आलाच न्हाई. दुसऱ्या दिशी म्हनला, वैनी, जगलंय तसं जगू द्या, छेडायला नगं."

मी विचारलं, अण्णांना हे ठाऊक आहे का? ती म्हणाली, "त्याला सांगितलं तर सौदा मोडला. तू बी सांगू नगस." मी हो म्हणाले. बसमध्ये बसल्यावर मला रडू आलं ते आजीसाठी. तिच्याबद्दल मी मनात काय काय म्हटलं होतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मला होतं.

घरी आले तेव्हा ऊन कललं होतं आणि अण्णा एकटेच ढोल फिरवत होते. काका कुठेतरी गेले होते. मी गुपित ठेवणारी नव्हते, आणि खरं सांगायचं तर ते ठेवावं असं मला वाटलंही नाही. मी दुसरा दांडा धरला. चार फेऱ्या झाल्यावर खडखडाटावरून ऐकू जाईल असं म्हणाले, "अण्णा, मी शाळेतली वही पाहिली." ढोल थांबला नाही, पण हळू झाला. खडखडाट कमी झाला तसे ते म्हणाले, "म्या चौथीत व्हतो तवाच पाह्यली. मास्तर मधल्या सुट्टीत बाहेर गेला, वही उघडी व्हती." मग पुढे, "आबानं दया करून ठिवून घेतलं मला. खाऊ घातलं, लगीन लावून दिलं. परक्यानं आनखी काय मागायचं? जवळा बाजारला जातो, त्या माऊलीनं जलम दिला म्हणून." चौथीतल्या त्या दिवसापासून हा माणूस आपल्याच घरात पाहुण्यासारखा राहिला होता. मी ढोल धरून थांबवला आणि तुळसाबाईचं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. शाळेचं आलं तेव्हा म्हणाले, "पुन्ना सांग. आबा काय म्हनले ते पुन्ना सांग." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदाही सांगायला लावलं. मग उपरण्यानं तोंड पुसून म्हणाले, "चल, फिरव, ऊन जाईल."

दोन दिवसांनी तलाठी आले. ओसरीत बाज टाकली, चहा झाला. काकांनी आपला उतारा पुढे केला. तलाठी म्हणाले, "थोरल्यांचा?" मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "त्यो काही सापडला न्हाई, साहेब. वही वाळवीनं खाल्ली." माझं खोटं काकांच्या तोंडून ऐकून मी चाटच पडले. तलाठ्यांनी पेन काढलं. "मग आबांनीच तोंडी सांगावं. आबा, हे दोघं तुमचेच मुलगे ना?"

आबा काठी धरून बसले होते. म्हणाले, "भगवान माझा."

"आणि हे दगडू?"

आबांनी अण्णांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. कपाळाला घाम फुटला. "ह्यो आमच्यात असतो."

"असतो म्हणजे? मुलगा आहे का नाही ते सांगा. नसेल तर नाव लागणार नाही."

"न्हाई," आबा म्हणाले. "माझा न्हाई त्यो. पण काळं रान निम्मं त्याला लिहा. निम्म्याच्या वर लिहा."

तलाठ्यांनी पेन खाली ठेवलं. परक्याला वाटणीत कसं बसवायचं, असं त्यांनी जरा चिडूनच विचारलं. आबा काठीवर भार देऊन पुन्हा 'लिहा' एवढंच म्हणाले. तेव्हा अण्णा म्हणाले, "राहू द्या, साहेब. त्यान्ला तकलीफ देऊ नका. रान नको मला." ते इतक्या मोकळ्या, हलक्या आवाजात बोलले की मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आयुष्यभर वाट्याला न आलेलं काळं रान ते हसत सोडून द्यायला निघाले होते, आबांना एक शब्द बोलावा लागू नये म्हणून.

भगवानकाका उठले. "साहेब, मुलगा म्हणून लिहा. थोरला मुलगा. निम्मं निम्मं. माझी सही घ्या, पंचांची घ्या. म्हाताऱ्याला बोलायला लावू नका." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आमच्या मायनं, तुझ्या आजीनं, मरताना सांगितलं व्हतं मला. दादाच्या नजरंला त्यो उतारा पडू नये म्हणून मी आणायला चाललो व्हतो, तर तू माझ्याआधी." मी काकांवर जेवढे आरोप ठेवले होते, ते सगळे त्या दिवशी मागे घेतले. भाकरीचा मात्र घेतला नाही, कारण ती तेच खायचे.

तलाठ्यांनी लिहिलं. अंगठा घेण्याआधी वाचून दाखवावं लागतं म्हणून त्यांनी कागद उचलला, तर आबांनी एकदम हात पुढे केला. "वाचू नका."

"वाचावं लागतं, आबा. नियम आहे."

"मग मनात वाचा."

तलाठ्यांनी आबांकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, आणि कागद डोळ्यांसमोर धरून ओठसुद्धा न हलवता शेवटपर्यंत वाचला. मग आबांनी अंगठा दिला.

उन्हाळा होता, आम्ही सगळे अंगणात झोपायचो. दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तर आबा अण्णांच्या बाजेपाशी उभे होते. काठी न टेकवता आले होते, आवाज होऊ नये म्हणून. ते वाकले, अण्णांच्या तोंडाजवळ कान नेला, तसेच थोडा वेळ राहिले आणि परत गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी आले. तिसऱ्या दिवशीही आले. पावसाळ्यात आम्ही घरात झोपायला जाईपर्यंत ते रोज आले. एकदा मी मान वळवून नीट पाहिलं. अण्णा जागे होते. डोळे मिटून पडले होते आणि आबांना नीट ऐकू यावं म्हणून जरा मोठ्यानं श्वास घेत होते.